हजेरीपटातून गाळलेली नावं

मंडळी, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचरणी लोकांना, तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्या लोकांपैकी लिंकन आपल्याला ठाऊक असतो. मी आज बोलणार आहे तो थॅडिअस स्टीव्हन्सबद्दल, अमेरिकेच्या संसदेतल्या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाबद्दल. त्याची जीभ तिखट होती, पण त्याचं खरं हत्यार माझ्या मते सभागृहाची नियमावली.

जन्म १७९२चा, व्हर्मांटमधला. एक पाय जन्मतःच वाकडा. बाप घर सोडून गेला, आईनं कष्ट करून शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली. तिथे १८२१ मध्ये त्यानं मालकाची बाजू घेऊन चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीचा स्वातंत्र्याचा दावा हाणून पाडला होता. हेही सांगायला हवं. माणूस घडत जातो.

१८३३ साली तो राज्याच्या विधिमंडळात गेला. पुढच्याच वर्षी सार्वजनिक शाळांचा कायदा झाला, आणि लगेच ओरड सुरू झाली: दुसऱ्याच्या पोरांच्या शिक्षणासाठी आम्ही कर का भरायचा? विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानं, म्हणजे सिनेटनं, कायदा रद्द करायला मंजुरीही दिली. कायद्याच्या बाजूचा गव्हर्नर वुल्फ फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाचा सदस्य, आणि स्टीव्हन्स निवडून आलेला याच संघाला विरोध करणाऱ्या मेसनविरोधी पक्षातर्फे. पण एप्रिल १८३५ मध्ये तो याच विरोधकाच्या कायद्यासाठी उभा राहिला. म्हणाला, गुन्हेगारांना पोसायला आणि शिक्षा द्यायला तुम्ही खुशीनं कर भरता, मग माणूस गुन्हेगार होऊच नये म्हणून द्यायच्या पैशांवर का कुरकुरता? कायदा वाचला. अशी मतं फिरवणारी भाषणं फार थोडी असतात हो, बहुतेक वेळा मतं आधीच ठरलेली असतात.

वॉशिंग्टनमध्ये, देशाच्या प्रतिनिधिगृहात, तो १८४९ ते १८५३ आणि मग १८५९ पासून अखेरपर्यंत होता. गुलामगिरीवरून पेटलेल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात तो गृहाच्या अर्थसमितीचा अध्यक्ष, म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे. दक्षिणेच्या फौजेनं १८६३ मध्ये त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला.

आता ४ डिसेंबर १८६५. युद्ध संपलंय, दक्षिणेतले निवडून आलेले लोक सभागृहात हजर आहेत. प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याला किती जागा हे लोकसंख्येवरून ठरे, आणि आधी त्यात गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश हिस्सा धरत. गुलामगिरी गेली, आता सगळे मोजायचे, मात्र मत त्यांना नाही. म्हणजे बंडखोर हरून जास्त जागा घेऊन परतणार! नव्या गृहाला सभापती मिळेपर्यंत हजेरी घेतो तो लिपिक. लिपिक होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचाच, स्टीव्हन्सच्या हाताखाली वाढलेला. त्यानं दक्षिणेची नावं वाचलीच नाहीत. टेनेसीचा होरेस मेनार्ड तर युद्धात संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला. तो बोलायला उठला, पण यादीत नाव नाही म्हणून त्यालाही बोलू दिलं नाही. लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दक्षिणेच्या राज्यांना झटपट परत घेऊ पाहत होता; एका हजेरीपटानं त्याचा सगळा बेत अडकवला. हे न्याय्य होतं का? मेनार्डपुरतं नव्हतं, असं मला वाटतं. बाकीच्यांबाबत मात्र माझी तक्रार नाही.

बड्या मळेवाल्यांची जमीन जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ४० एकर द्यावी, हा त्याचा आग्रह. तो कुणी मानला नाही. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्तीही त्याला अपुरी वाटली, कारण त्यात काळ्यांच्या मताची हमी नव्हती. तरी जून १८६६ मध्ये त्यानं ती स्वीकारली. का, तर आपण माणसांत राहतो, देवदूतांत नाही, असं त्यानंच सभागृहाला सांगितलं.

१८६८ मध्ये जॉन्सनवरचा महाभियोग एका मतानं पडला. तेव्हा स्टीव्हन्सला खुर्चीत बसवून, उचलून आणावं लागत होतं. ११ ऑगस्टला तो गेला. दफन कुठे व्हावं, हे ठरवण्याआधी त्यानं दफनभूमींचे नियमही पाहून ठेवले होते. लँकेस्टरमध्ये जिथे सनदेतच वंशाची अट होती तिथली जागा नको म्हणाला, आणि जिथे ती अट नव्हती अशा एका लहानशा दफनभूमीत त्याला पुरलं. तसं त्याच्या थडग्यावर लिहिलेलंही आहे.