दवाखान्यातून घरी आल्यावर
(खानापूर तालुक्यातील ज्येष्ठ नागरिकांसमोर एका निवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बत्तीस वर्षं मी बेळगावात सिस्टर म्हणून काढली. पेशंटला डिस्चार्ज मिळाला की बेड पुसायचा, पुढचा घ्यायचा. घरी गेल्यावर त्याचं काय होतं, ते मला कळलं सासूबाईंच्या वेळी.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झकास झालं. सातव्या दिवशी हातात कार्ड आणि गोळ्यांची पिशवी. कार्ड इंग्रजीत, पाकिटांवर कानडी, आणि घरी वाचणार कोण, तर मराठी चौथी शिकलेले मामंजी. मी ड्युटीवर. त्यांनी बीपीची जुनी गोळी चालू ठेवली आणि नवीही दिली. औषध एकच, कंपनीचं नाव तेवढं वेगळं! चौथ्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्याशी सासूबाईंना घेरी आली. मामंजींनी धरलं म्हणून दुसरा खुबा वाचला.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, लागायचा तेव्हा लागेल. गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायला मात्र कुणाच्या निकालाची गरज नाही. वॉर्डातून निघण्याआधी जुन्या गोळ्यांची पिशवी सिस्टरपुढे ओता. यातली कुठली बंद, ते विचारा. मग तुम्ही तिला सांगा, कुठली कधी द्यायची. ती मान हलवेपर्यंत रिक्षा बोलवू नका.

आता गावातलं. वयोवृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघायचं, घरच्यांना सेवा शिकवायची, हे काम त्यात उपकेंद्राकडे दिलेलं आहे. कागदावर आहे, हो. पण आशाताईला दोष देऊ नका. कुठल्या घरी बाळंतीण आली ते तिला कळतं, म्हातारी दवाखान्यातून आली ते तिला कोण सांगतं? दवाखान्यानं निघतानाच उपकेंद्राला एक फोन करावा, एवढीच माझी मागणी. तोवर तो फोन आपण करायचा.

कारण पहिले पंधरा दिवस वाईट. मुलगा पुण्याला, सून शेतात. म्हातारं माणूस एकाच कुशीवर पडून राहिलं की माकडहाडापाशी कातडी लाल होते. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर समजा, बेडसोअर सुरू झाला. दर दोन तासांनी कूस बदलायची. त्या जागी चोळायचं नाही, पावडर थापायची नाही. शेजारच्या आक्कांनी दुपारची एक पाळी घेतली तरी सुनेला भांगलण उरकता येते.

आणि वॉकर. प्रत्येक गल्लीत दोनतीन माळ्यावर पडलेले असतात, माणूस गेलेलं असतं म्हणून कुणी खाली काढत नाही. गणपतीचे मांडव सांभाळणाऱ्या मंडळांना वॉकर आणि कमोडची खुर्ची सांभाळणं जड नाही. दाराशी वही ठेवलीय. जाताना नाव लिहा, वस्तू लिहा. पायांचं रबर झिजलं असेल तर तेही लिहा. फरशीवर तोच वॉकर घसरतो.