कापडाच्या स्टॉलवर काय विचारायचं?

तुमच्यापैकी बरेच जण यंदा पहिल्यांदाच वस्त्रप्रदर्शनाला जाणार आहात. म्हणून आज मी डिझाइनवर बोलत नाही. कापड विकणाऱ्याला काय विचारायचं, यावर बोलते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी दिल्लीला भारत मंडपममध्ये 'भारत टेक्स' हे वस्त्रोद्योगाचं प्रदर्शन बघायला गेले होते. तिथे दर दुसऱ्या स्टॉलवर 'सस्टेनेबल', म्हणजे पर्यावरणाला जपणारं, अशी पाटी. बांबूच्या कापडाभोवती तर आम्हा विद्यार्थ्यांची झुंबडच होती. हात लावला की सोडवत नाही, इतकं ते मऊ. बांबू भराभर वाढतो आणि पाणी कमी पितो, असं विक्रेते सांगत होते. ते खरंच आहे, पण ही झाली झाडाची गोष्ट. कापडाची गोष्ट कारखान्यात सुरू होते. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात आणि तयार झालेला दाट द्रव बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडतात. त्याचा धागा बनतो. हा सरळसरळ व्हिस्कोस रेयॉन, म्हणजे लगद्यापासून रसायनांनी केलेला धागा आहे. कार्बन डायसल्फाइडची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर कामगाराच्या मज्जासंस्थेला इजा होते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन अशा कापडावर नुसतं 'बांबू' लिहू देत नाही, 'बांबूपासून केलेलं रेयॉन' असं लिहावं लागतं. लायोसेल नावाचं दुसरं कापडसुद्धा लगद्यापासूनच होतं, पण त्यात लगदा विरघळवणारं द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून पुन्हा वापरता येतं. दोन्ही नमुने हातात घेतले तर फरक कळणं कठीण. म्हणून झाडाचं नाव ऐकून थांबू नका, धागा कोणत्या पद्धतीने काढला ते विचारा.

दुसरा प्रश्न कागदांचा, म्हणजे प्रमाणपत्रांचा, आणि तो विचारायला आपण उगीच लाजतो. स्टॉलवर फ्रेम करून लावलेलं असतं ते बहुतेक वेळा स्कोप सर्टिफिकेट. अमुक गिरणी प्रमाणित माल बनवू शकते, एवढंच ते सांगतं. तुमच्या हातातला तागा प्रमाणित आहे की नाही, हे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवरून कळतं. ते प्रत्यक्ष पाठवलेल्या मालाचं असतं. टक्केवारीही विचारा. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या मानकामध्ये 'ऑरगॅनिक' म्हणायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो. जीआरएस या पुनर्वापराच्या मानकामध्ये मात्र पुनर्वापरातला धागा २० टक्के असला तरी प्रमाणपत्र मिळतं, फक्त ग्राहकाला दिसणारा लोगो लावायला ५० टक्के लागतात. हा फरक लक्षात ठेवाच.

आणि रंगाई. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जाणारे रंग, देताना भरपूर मीठ लागतं, आणि रंगासोबत तेही पाण्यात उतरतं. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीची अशी दशा केली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. पुढे सांडपाणी बाहेर न सोडता ते शुद्ध करून परत वापरण्याची यंत्रणा तिथे उभी राहिली. ती महाग आहे, आणि कापडाच्या दरात तो खर्च दिसणारच. शेतात सेंद्रिय पिकलेला कापूस नदी बिघडवून रंगवला असेल, तर त्या कापडाला मी तरी सस्टेनेबल म्हणणार नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो देशी कापूस, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या जातींचा. त्याचा धागा आखूड, म्हणून वेगवान गिरण्यांना नकोसा. पण हातसुताला चालतो. पावसाने ताण दिला तरी झाड तग धरतं, रसशोषक किडींनाही फारसं दाद देत नाही. विदर्भातली बरीचशी कपाशी पावसावरच असते, तेव्हा हे कापड आपल्या कलेक्शनमध्ये यायला हवं असं मला मनापासून वाटतं. थोडं खडबडीत असतं. अंगाला चिकटणाऱ्या ड्रेससाठी नको, पण जॅकेट किंवा सैल कुर्ता त्यात फार सुंदर बसतो.

शेवटची अडचण व्यवहाराची. गिरण्या शेकडो मीटरची ऑर्डर मागतात आणि आपल्याला हवं असतं पाच-दहा मीटर. चार-पाच जणांनी मिळून एकच कोरं, न रंगवलेलं कापड घ्या आणि आपापल्या गरजेप्रमाणे रंगवा. हातमागाच्या संस्थांशी आधी बोललात तर थोडकं कापडही मिळतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.