एसएन-१ आणि एसएन-२ : तक्त्यामागचे प्रयोग

बारावीला अल्किल हॅलाइड, म्हणजे कार्बनच्या साखळीवर क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असलेली संयुगं, शिकताना एक तक्ता सगळेच पाठ करतात. त्यांच्यावरच्या प्रतियोजन अभिक्रियेचे दोन मार्ग, एका रकान्यात एसएन-१, दुसऱ्यात एसएन-२. पायऱ्या किती, वेग कशावर अवलंबून, रचना उलटते का. तक्ता बरोबर आहे. पण त्यातली एकेक ओळ कुणीतरी प्रयोग करून मिळवलेली आहे. रेणू डोळ्यांना दिसत नसताना ती मिळवली कशी, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

प्रतियोजनात कार्बनवरचा एक गट जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. येणारा, म्हणजे न्यूक्लिओफाइल, इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन येतो. जाणारा बंधातली जोडी घेऊन जातो. प्रश्न क्रमाचा आहे. जुना बंध आधी तुटतो आणि मग नवा जुळतो (हे एसएन-१), की दोन्ही एकदमच घडतं (हे एसएन-२)?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ख्रिस्तोफर इनगोल्ड आणि एडवर्ड ह्यूज यांनी १९३० च्या दशकात याचं उत्तर अभिक्रियेच्या वेगात शोधलं. मिथाइल ब्रोमाइडमध्ये हायड्रॉक्साइडची संहती दुप्पट केली की वेगही दुप्पट होतो. म्हणजे निर्णायक क्षणी दोघंही हजर असतात. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडच्या (यात ब्रोमीनच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असतात) सौम्य द्रावणात मात्र थोडं हायड्रॉक्साइड वाढवलं तरी वेग हलत नाही. भरलेल्या एसटीत एखाद्याचं गाव आलं की तो उठतो. सीटवर डोळा ठेवून भोवती दोघं उभे असोत की दहा, ती काही लवकर रिकामी होत नाही. इथेही ब्रोमाइड स्वतःहून सुटतो, आणि ते सुटणंच सगळ्यात मंद असतं.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला प्रयोग. १८९६ मध्ये रिगा इथे पाउल वाल्डेन यांनी मॅलिक आम्लाचं क्लोरोसक्सिनिक आम्ल केलं आणि त्यापासून पुन्हा मॅलिक आम्ल. सुरुवातीचं आम्ल ध्रुवित प्रकाशाचं प्रतल डावीकडे फिरवत होतं, परत मिळालेलं उजवीकडे. म्हणजे वाटेत कुठेतरी रचना उलटली होती, रेणू स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेसारखा झाला होता. पण कुठल्या पायरीत? नुसत्या फिरण्यावरून ते सांगता येत नाही, कारण संयुग बदललं की फिरण्याची दिशा रचना न उलटताही बदलू शकते.

ह्यूज आणि सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये ही अडचणच काढून टाकली. त्यांनी २-आयोडोऑक्टेन घेतलं आणि अॅसिटोनमध्ये त्यावर आयोडाइडचीच अभिक्रिया केली. जाणारा आयोडीन, येणाराही आयोडीन, त्यामुळे संयुग तेच राहतं आणि फिरण्यात पडलेला फरक फक्त रचनेचा. येणारा ओळखू यावा म्हणून तो किरणोत्सारी घेतला. न्यूट्रॉनच्या माऱ्याने असे अणू तयार करण्याची युक्ती तेव्हा जेमतेम वर्षभराची होती, आणि या आयोडीनचा अर्धायुकाल अवघा २५ मिनिटांचा!

हिशेब असा. शंभर रेणू एकाच बाजूचे आहेत. त्यातला एक उलटला तर त्या बाजूचे ९९ उरतात, आणि उलटलेला त्यातल्या एकाचा परिणाम खोडून काढतो. फिरणं ९८ वर येतं. म्हणून प्रत्येक अदलाबदलीत रचना उलटत असेल, तर फिरणं नाहीसं होण्याचा वेग अदलाबदलीच्या वेगाच्या दुप्पट हवा. प्रयोगाच्या अचूकतेत तो दुप्पटच आला. आयोडाइड दर वेळी जाणाऱ्याच्या पाठीमागूनच येतो, हे यातून सिद्ध झालं. इतका स्वच्छ पुरावा रसायनशास्त्रात क्वचितच मिळतो.

एसएन-१ मधला कार्बोकॅटायन, म्हणजे जाणारा गट सुटल्यावर उरलेला धनप्रभारित कार्बनचा आयन, मात्र बरीच वर्षं वेगावरून काढलेलं अनुमानच होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज ओला यांनी महाआम्लात, म्हणजे अतितीव्र आम्लात, टर्शरी ब्युटाइल कॅटायन टिकवून त्याचा एनएमआर वर्णपट (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांकडून मिळणारी रेणूची ओळख) घेतला. १९९४ चं नोबेल त्यांना कार्बोकॅटायनच्या कामासाठीच मिळालं. हा कॅटायन सपाट असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखाच हल्ला व्हावा, असं तक्ता म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटलेला पदार्थ थोडा जास्त मिळतो. सुटलेला आयन लगेच लांब जात नाही. काही काळ तो आयन-जोडीत शेजारीच राहतो आणि आपली बाजू अडवून धरतो. सॉल विन्स्टाइन यांनी या आयन-जोड्यांचा बारकाईने अभ्यास केला.

हे दोन कप्पे पक्के नाहीत, हे परीक्षानळीतही दिसतं. सोडियम आयोडाइडचं अॅसिटोनमधलं द्रावण एसएन-२ ला सोयीचं, सिल्व्हर नायट्रेटचं अल्कोहोलमधलं एसएन-१ ला. अभिक्रिया झाली की साका दिसतो. १-ब्रोमोब्युटेन पहिल्यात लवकर साका देतो, टर्शरी ब्युटाइल क्लोराइड दुसऱ्यात तत्काळ. बेंझाइल क्लोराइड दोन्हींत झटपट. आणि निओपेंटाइल ब्रोमाइड? तो प्राथमिक आहे (ब्रोमीनच्या कार्बनला दुसरा एकच कार्बन जोडलेला), म्हणजे तक्त्याप्रमाणे एसएन-२ ला उत्तम. पण शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथाइल गट पाठीमागची वाट बंद करतात, आणि इथाइल ब्रोमाइडच्या तुलनेत त्याची एसएन-२ अभिक्रिया लाखपटीहून मंद होते. ‘प्राथमिक’ हा शब्द पाहून उत्तर लिहू नका. रेणू कागदावर काढा आणि पाठीमागून वाट आहे का, ते बघा.

आपल्या शरीरातही हे चालू असतं. नॉरअॅड्रेनलिनचं अॅड्रेनलिन होताना एस-अॅडेनोसिलमेथायोनिन या मिथाइल पुरवणाऱ्या रेणूवरचा मिथाइल गट नायट्रोजनकडे जातो. अशा हस्तांतरात रचना उलटते का, हे तपासायचं कसं? मिथाइलवर तर तीन सारखेच हायड्रोजन. संशोधकांनी त्या तीन जागी साधा हायड्रोजन आणि त्याची जड रूपं ड्युटेरियम व ट्रिशियम बसवले, म्हणजे मिथाइललाही डावं-उजवं आलं. मग कॅटेकॉल-ओ-मिथाइलट्रान्सफरेज या विकराकडून तो गट हलवून घेतला. तो उलटलेलाच मिळाला.