आहेस ना गं?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री दोनला पाळण्यातलं बाळ रडू लागतं. आई स्वयंपाकघरात पाणी कोमट करत असते. तिथूनच ती म्हणते, "आले रे राजा, आले, आले." तिने अजून त्याला उचललेलंही नसतं, पण रडणं क्षणभर थांबतं. दुधाच्या आधी आवाज पोचलेला असतो.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यांतला पहिला टप्पा हाच. हाक मारली तर कुणी येतं का, जग भरवशाचं आहे का, हे बाळ पहिल्या वर्ष-दीड वर्षात ताडून बघत असतं. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या मांडणीत मनाची घडण मुख्यतः बालपणात होते. एरिकसन त्यांच्याच परंपरेत शिकले, त्यांच्या मुलीच्या, ॲना फ्रॉइड यांच्या हाताखाली, व्हिएन्नात. पण ते म्हणाले की माणूस शेवटपर्यंत वाढतो, आणि एकटा वाढत नाही. घर, शाळा, गाव, काळ, सगळे त्याला घडवतात. म्हणून या टप्प्यांना मनोसामाजिक म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विश्वास चांगला आणि अविश्वास वाईट, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. कुणाच्याही कडेवर जाणारं मूल सुरक्षित नसतं. थोडी सावधगिरी हवीच, फक्त पारडं विश्वासाकडे झुकलेलं हवं. तसं झालं की मनात जे रुजतं, त्याला त्यांनी आशा म्हटलं.

मग येतं दीड ते तीन वर्षांचं वय. "माझं मी!" म्हणत मूल उलट्या चपला घालून दारात उभं राहतं. आपल्याला बस गाठायची असते, आपण त्या हिसकून सुलट्या करतो. चड्डी ओली झाली की चारचौघांत म्हणतो, "शी, लाज नाही वाटत?" या वयाचा झगडा स्वायत्तता आणि लाज यांच्यातलाच असतो. आपल्या तोंडातला तो एक शब्द त्या झगड्यात नेमका चुकीच्या बाजूने उतरतो. त्यापुढचं वय भातुकलीचं, "का?" विचारण्याचं, स्वतःहून काही सुरू करून पाहण्याचं.

सहा ते बारा या वयाबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. या वयात मुलाला काहीतरी नीट करता यावंसं वाटतं. ते जमलं तर कर्तबगारीची जाणीव येते, सतत हुकलं तर न्यूनगंड. चौथीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचन अडखळत, पाढे येत नव्हते. एकदा मी वर्गासमोर म्हणाले, "याला काही येत नाही." त्याने मान खाली घातली, आणि पुढे कित्येक दिवस ती वर झाली नाही. त्या पावसाळ्यात शाळेच्या परसबागेत त्याने मेथीचा वाफा केला. वाफा सपाट कसा करायचा, पाणी किती सोडायचं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती मेथी पोषण आहाराच्या खिचडीत पडली तेव्हा तो पंगतीत फिरून प्रत्येकाला विचारत होता, "चांगली झालीय ना?" वाचायला तो त्यानंतर लागला. ते माझ्या शिकवण्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही.

बारा-तेरानंतर प्रश्न येतो, मी कोण? हा प्रश्न एरिकसन यांच्या स्वतःच्या आयुष्याचा होता. १९०२ साली जर्मनीत फ्रँकफर्टला त्यांचा जन्म झाला. जन्मदाता कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. आई डॅनिश ज्यू, सावत्र वडील बालरोगतज्ज्ञ, त्यांचं आडनाव होम्बुर्गर. तरुणपणी ते चित्रं काढत युरोपभर भटकले. १९३३ साली अमेरिकेत गेले आणि तिथलं नागरिकत्व घेताना आडनाव लावलं एरिकसन, म्हणजे एरिकचा मुलगा. या वयात समाजाने मुलांना थोडी उसंत द्यावी, असं ते आग्रहाने सांगत. बारावीनंतर वर्षभर चाचपडणाऱ्या मुलाला "वाया गेला" म्हणणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

स्वतःची ओळख थोडी पक्की झाली की दुसऱ्याशी खरी जवळीक जमते. तो तरुणपणाचा टप्पा.

मध्यमवयाचा प्रश्न असतो, माझ्या हातून पुढच्यांसाठी काय होतं आहे? पोटची मुलंच असली पाहिजेत असं नाही. शिष्य असतील, संस्था असेल, लावलेलं झाड असेल. याचं उदाहरण एरिकसन यांना भारतात सापडलं. १९६२ साली मानवी जीवनक्रमावरच्या चर्चासत्रासाठी ते अहमदाबादला आले. तिथे १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाने त्यांना धरून ठेवलं. पस्तीस टक्के पगारवाढीची मागणी, मालक अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभी त्यांची सख्खी बहीण अनसूया. मधे अठ्ठेचाळीस वर्षांचे गांधी, उपोषणाला बसलेले. त्यावर एरिकसन यांनी १९६९ साली मोठा ग्रंथ लिहिला. मध्यमवयातला एक माणूस हजारोंची जबाबदारी कशी अंगावर घेतो, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

आठवा टप्पा म्हातारपणाचा. मागे वळून पाहताना, जे झालं ते माझं होतं, असं म्हणता येतं का? की नुसती हळहळ उरते? ज्या घरातले म्हातारे मरणाला घाबरत नाहीत, त्या घरातली मुलं जगण्याला घाबरणार नाहीत, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आठव्या टप्प्याचं टोक त्यांनी असं पहिल्याला नेऊन जोडलं.

१९९४ साली ते गेले. त्यांच्या पत्नी जोन यांचा या मांडणीत पहिल्यापासून वाटा होता. नव्वदी ओलांडलेल्या जोन यांनी नववा टप्पा लिहिला. ऐंशी-नव्वदीत पाय, डोळे, कान साथ सोडू लागतात, आणि जुने सगळे झगडे परत दारात येतात. त्यांत सर्वांत आधी येतो विश्वासाचा.

हे वाचलं तेव्हा मला समजलं, आमच्या घरात काय चाललं आहे ते. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. रात्री भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जाते. मधेच थांबते आणि अंधारात विचारते, "आहेस ना गं?"

मी पूर्वी म्हणायची, "झोप आता, किती वेळा विचारशील?"

आता अंथरुणातूनच आधी आवाज देते, "आले आई, आले."