जांजगीरच्या फंकबाई

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, टायटॅनिकचा विषय निघाला की हिमनग, कमी पडलेल्या लाइफबोटी आणि शेवटपर्यंत वाजत राहिलेला वाद्यवृंद यांच्यापाशी आपण थांबतो. त्या रात्री सुमारे पंधराशे माणसं गेली. ती त्या रात्रीपुरतीच जन्माला आली होती अशा तऱ्हेने त्यांच्याबद्दल लिहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आज मी त्यांच्यातल्या एकाच व्यक्तीबद्दल बोलणार आहे. ती निवडण्याचं कारण असं की तिचा शेवटचा प्रवास आपल्या मध्य प्रांतातून सुरू झाला.

अ‍ॅनी क्लेमर फंक हे त्यांचं नाव. १२ एप्रिल १८७४ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बॅली या छोट्या गावी, मेनोनाइट पंथाच्या घरात त्या जन्मल्या. हा पंथ सोळाव्या शतकातला, युरोपातला. मुलाला जन्मतः बाप्तिस्मा द्यायचा नाही, मोठं झाल्यावर त्यानं स्वतः घ्यायचा, शस्त्र हाती धरायचं नाही, साधेपणानं राहायचं. छळ झाला म्हणून यातले अनेक लोक अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हेनियात शेतीवर स्थिरावले. अ‍ॅनी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफिल्ड इथे शिकल्या. मग टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीत काम केलं आणि न्यू जर्सीतल्या पॅटर्सनला तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संघटनेत. म्हणजे हिंदुस्थानात येण्याआधीच, ज्यांच्याकडे कोणी फारसं पाहत नाही अशांमध्ये राहायची सवय त्यांना झालेली होती.

१८९६-९७च्या दुष्काळात आपल्याकडे काय झालं हे या सभागृहात सांगायला नको. त्या दुष्काळाच्या बातम्या अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांपर्यंत गेल्या, तिथून मदत आली आणि पाठोपाठ मिशनरीही आले. बिलासपूर जिल्ह्यातल्या चांपा आणि जांजगीर या गावांत त्यांनी ठाणी मांडली. चांपा आजही कोशाच्या रेशमासाठी प्रसिद्ध आहे. तिथे या लोकांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. जांजगीरला बाराव्या शतकातलं, कळसापर्यंत न पोहोचलेलं विष्णूचं देऊळ आहे. १९०६च्या शेवटी फंकबाई या गावात आल्या, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अविवाहित आणि एकट्या.

आल्यावर त्या आधी हिंदी शिकल्या. मग एका खोलीत मुलींची शाळा सुरू केली. मुली होत्या १७.

हा आकडा लहान वाटत असेल, तर त्याच्या शेजारी दुसरा ठेवून पाहा. १९११च्या खानेसुमारीत सबंध देशात साक्षर स्त्रियांचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास होतं. दुष्काळ पचवलेल्या छत्तीसगडच्या एका खेड्यात सतरा घरांनी, किंवा सतरा अनाथ मुलींच्या पालनकर्त्यांनी, पाटी-पेन्सिल हातात घेऊ दिली ही साधी गोष्ट नव्हती. फंकबाई धर्मप्रसारासाठी आल्या होत्या, ते लपवायचं काही कारण नाही आणि त्यांनीही ते कधी लपवलं नसतं. त्या काळच्या मिशनांच्या हेतूंबद्दल वाद जरूर करावा. पण मुलींना अक्षर शिकवणाऱ्या बाईचं काम त्या वादात बुडून जाऊ नये. महाराष्ट्रात सावित्रीबाईंच्या आणि फातिमा शेख यांच्या कामाचा आपण मान राखतो. खोलीत बसून मुलींना वाचायला शिकवणं याची किंमत आपल्याला तरी कळायला हवी.

काही वर्षं हे चाललं. मग १९१२च्या वसंतात तार आली. बॅलीच्या चर्चच्या पाळकांनी पाठवली होती: आई फार आजारी आहे, ताबडतोब ये. परतीची तिकिटंही त्यांनी काढून ठेवली होती.

आता इथून पुढचा प्रवास आपल्या ओळखीचा आहे. जांजगीरचं स्टेशन नैला, बंगाल-नागपूर रेल्वेवर. त्या गाडीनं नागपूर आणि पुढे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं मुंबई, हा तेव्हाचा सरळ रस्ता. मुंबईहून पी अँड ओ कंपनीची ‘पर्शिया’ ही टपालाची आगबोट, मार्सेलला उतरायचं, तिथून रेल्वेनं आणि खाडी ओलांडून इंग्लंड. ‘पर्शिया’बद्दल जाता जाता सांगतो. तीच बोट ३० डिसेंबर १९१५ला मुंबईकडे येत असताना क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीनं पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडवली. तीनशेहून अधिक माणसं गेली. मुंबईच्या मार्गावरची ही एवढी मोठी दुर्घटना, पण आपल्याकडे तिचं नावही निघत नाही.

फंकबाई लिव्हरपूलला पोहोचल्या. त्यांचं तिकीट होतं ‘हॅवरफोर्ड’ या अमेरिकन लाइनच्या बोटीचं. ही बोट लिव्हरपूलहून थेट फिलाडेल्फियाला, म्हणजे त्यांच्या घराजवळ जायची. पण ब्रिटनमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. सुमारे दहा लाख कामगार किमान वेतनासाठी खाणीबाहेर आले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संप मिटला, तरी कोळसा बंदरांवर पोहोचायला वेळ लागणार होता. बोटी धक्क्याला बांधून पडल्या. अमेरिकन लाइन आणि टायटॅनिकची व्हाइट स्टार लाइन या दोन्ही एकाच मालकी समूहात. नव्या कोऱ्या टायटॅनिकचा पहिला प्रवास चुकू नये म्हणून समूहातल्या इतर बोटींचा कोळसा तिच्यात भरला गेला आणि इतर बोटींचे प्रवासीही तिच्याकडे वळवले गेले. फंकबाईंनी दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेतलं. क्रमांक २३७६७१, किंमत १३ पौंड. आईपाशी लवकर पोहोचता येईल एवढाच त्यांचा विचार.

१० एप्रिलला त्या साउदॅम्प्टनला बोटीवर चढल्या. १२ तारखेला, भर अटलांटिकात, त्यांना अडतीस वर्षं पुरी झाली. १४ तारखेच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बोट हिमनगाला घासली आणि पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. फंकबाईंचा देह सापडला नाही.

त्यांच्याबद्दल एक कथा फार वर्षं सांगितली जाते: लाइफबोटीत त्यांना जागा मिळाली होती, एवढ्यात एक आई मुलांकडे जायला धावत आली आणि बाईंनी उठून आपली जागा तिला दिली. मी ही कथा खरी म्हणून सांगणार नाही. त्या आईचं नाव नाही, पाहणाऱ्याची साक्ष नाही. ती दुःखी घरानं आणि मंडळीनं प्रेमानं घडवली असावी असं माझं मत आहे. दुसऱ्या वर्गातल्या ९३ स्त्रियांपैकी ८० वाचल्या, असं ब्रिटिश चौकशीचा अहवाल सांगतो. गेलेल्या तेरांपैकी एक आपली. मग असं का झालं, हा प्रश्न घरच्यांना छळणारच.

जागा मिळणं किंवा न मिळणं किती क्षणाचं होतं याची नोंद मात्र आहे. त्याच दुसऱ्या वर्गात आंध्रातल्या गुंटूरहून निघालेलं बेकर कुटुंब होतं. आई नेली, बारा वर्षांची रूथ आणि दोन लहान भावंडं. धाकटा आजारी म्हणून ते अमेरिकेला निघाले होते. दोघा लहानांना ११ क्रमांकाच्या होडीत घातलं आणि होडी भरली असं सांगितलं गेलं. आई कशीबशी आत शिरली. रूथ डेकवरच राहिली. आईनं ओरडून तिला दुसरी होडी गाठायला सांगितलं आणि ती १३ क्रमांकाच्या होडीतून वाचली. पुढे ती शिक्षिका झाली, १९९०पर्यंत जगली. हिंदुस्थानातून निघालेली ही दोन घरं एकाच बोटीवर, एकाच वर्गात; एकाचा हिशेब होड्यांच्या क्रमांकांसकट मिळतो, दुसऱ्याचा मिळत नाही.

म्हणून मी म्हणतो, त्या कथेची फंकबाईंना गरज नाही. शेवटच्या दोन तासांत त्यांनी काय केलं यापेक्षा आधीच्या पाच वर्षांत काय केलं ते आपल्याला पक्कं माहीत आहे. बॅलीच्या चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. जांजगीरच्या शाळेला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. जांजगीर-चांपा हा आता छत्तीसगडमधला स्वतंत्र जिल्हा आहे, १९९८पासून. नागपूरहून हावड्याच्या दिशेनं गेलं की सुमारे साडेचारशे किलोमीटरवर नैला लागतं. आपल्यात इतिहासाचे विद्यार्थी बसले आहेत. टायटॅनिकवर लिहायचं असेल तर अटलांटिकच्या तळाची छायाचित्रं जगभर पुरेशी आहेत. तुम्ही जुन्या मध्य प्रांताच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल काढा आणि नैल्याला उतरून त्या सतरा मुलींचा माग घ्या.