रेडिओ थांबतो तेव्हा वर्ग बोलतो

[दृश्य : झांबियातील एक खेडे. गवताने शाकारलेल्या छपराखाली भरलेला वर्ग.]

सकाळची वेळ आहे. छपराखाली पंचवीस-तीस मुले दाटीवाटीने बसली आहेत. काही लाकडी ओंडक्यांवर, बाकीची जमिनीवर. समोर फळा आहे, खडू आहे आणि खुर्चीवर ठेवलेला एक रेडिओ आहे. प्रशिक्षित शिक्षक मात्र नाही. त्याच्या जागी गावातलीच एक तरुणी उभी आहे, जिने स्वतः माध्यमिक शाळेपर्यंतच मजल मारली आहे. ठरलेल्या वेळी रेडिओवर गाणे सुरू होते, मुले टाळ्या वाजवत उभी राहतात आणि पुढचा अर्धा तास हा वर्ग अशा शिक्षिकेच्या आवाजावर चालतो, जी राजधानी लुसाकामध्ये आपला पाठ ध्वनिमुद्रित करून कधीच घरी गेली आहे.

'लर्निंग ॲट टाओंगा मार्केट' हे या कार्यक्रमाचे नाव. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाच्या प्रसारण विभागाने तो २००० साली सुरू केला, तेव्हा देशाची शाळाव्यवस्था एड्सच्या साथीने खिळखिळी झाली होती. आईवडील गमावलेल्या मुलांची संख्या वाढत होती, शिक्षकही मोठ्या प्रमाणावर दगावत होते आणि प्राथमिक शाळेची फी २००२ पर्यंत माफ झालेली नव्हती. ज्या गावापासून सरकारी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नव्हती, किंवा जिथे असूनही फी परवडत नव्हती, तिथे गावकऱ्यांनी जागा द्यायची, आपल्यातलाच एक लिहितावाचता स्वयंसेवक निवडायचा आणि उरलेले काम रेडिओने करायचे, अशी ही योजना होती. या स्वयंसेवकाला तिथे 'मेंटॉर' म्हणतात.

[दृश्य : रेडिओचा आवाज. "तीन आणि चार मिळून किती?" काही क्षण शांतता. मुलांचा एकसुरात आलेला आवाज. पुन्हा रेडिओ.]

आपण आता जी शांतता ऐकली, ती या पद्धतीतली सर्वांत कष्टाने घडवलेली गोष्ट आहे. रेडिओवरची शिक्षिका प्रश्न विचारते आणि थांबते. मुले मोठ्याने उत्तर देतात. मग ती बरोबर उत्तर सांगते आणि पुढे जाते. ज्याचे उत्तर चुकले त्याला ते त्याच क्षणी कळते, पण चारचौघांत त्याचे नाव घेतले जात नाही. हा थांबा किती सेकंदांचा असावा, हे संहिता लिहिणाऱ्याने टेबलाशी बसून ठरवायचे नसते. पाठाची कच्ची ध्वनिफीत खऱ्या वर्गात वाजवायची, मुले कुठे मागे पडतात आणि कुठे चुळबुळ करू लागतात ते टिपायचे आणि मग शांतता लांबवायची किंवा छाटायची, असा हा क्रम आहे. थांबा तोकडा पडला तर वर्गातली दोन-चार हुशार मुले तेवढी उत्तर देतात आणि बाकीची ओठ हलवायला शिकतात. लांबला तर गोंगाट सुरू होतो आणि पुढचे वाक्य त्यात बुडते.

मेंटॉरसाठीच्या सूचनाही याच आवाजात, मुलांच्या देखतच दिल्या जातात : फळ्यावर ही संख्या लिहा, आता एका मुलीला पुढे बोलवा, आता एका मुलाला. त्यामुळे वर्गात दोन शिक्षक असतात. एकीला विषय येतो पण वर्ग दिसत नाही. दुसरीला वर्ग दिसतो, प्रत्येकाचे घर माहीत असते, आणि विषय ती मुलांबरोबरच पक्का करत असते. माझ्या मते या योजनेची खरी ताकद इथे आहे, आणि तिच्याविषयी बोलताना रेडिओचेच कौतुक अधिक होते हे काहीसे अन्यायाचे आहे.

ही पद्धत आफ्रिकेत जन्मलेली नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी निकाराग्वाच्या ग्रामीण शाळांत रेडिओवरून गणित शिकवताना तिला आकार दिला. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी केनियात ती इंग्रजी शिकवण्यासाठी वापरली गेली आणि झांबियात तिने शाळेचीच जागा घेतली.

[दृश्य : रेडिओची मूठ फिरवणारे हात.]

अडचण होती ती सेलची. वीज नसलेल्या गावात रेडिओचे सेल ही रोख पैशांत घ्यावी लागणारी वस्तू असते, आणि घरात मीठ की सेल असा प्रश्न आला की सेल मागे राहतात. ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस यांनी आफ्रिकेतील एड्सविषयीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहून १९९१ मध्ये चावीवर चालणारा रेडिओ तयार केला, तो याच कारणासाठी. पुढे मुलांच्या गटांना ऐकता यावा म्हणून खास बनवलेला, मूठ फिरवून किंवा उन्हावर चालणारा 'लाइफलाइन' रेडिओ २००३ मध्ये आला आणि झांबियातल्या अशा वर्गांतही पोहोचला.

रेडिओच का, चित्र का नाही, असा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. चित्राचा प्रयोग आफ्रिकेत फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. आयव्हरी कोस्टने १९७१ मध्ये प्राथमिक शिक्षण दूरचित्रवाणीवरून देण्यास सुरुवात केली. बुआके शहरात त्यासाठी प्रशस्त निर्मितीकेंद्र उभारले गेले, वीज नसलेल्या शाळांत बॅटरीवर चालणारे संच बसवले गेले. पटसंख्या वाढली, एकाच इयत्तेत पुन्हा बसणारी मुले कमी झाली. तरीही सुमारे दशकभराने ही योजना गुंडाळावी लागली, कारण ती चालवण्याचा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहत होता आणि ज्यांच्या वर्गात हा पडदा आला होता त्या शिक्षकांना तो आपलासा वाटला नव्हता.

[दृश्य : दार एस सलाम. संगणकावर ॲनिमेशनचे काम करणारे कलावंत.]

चाळीस वर्षांनंतर टांझानियात चित्र पुन्हा आले, पण शाळेच्या दाराने नव्हे. दार एस सलाममध्ये २०१३ साली स्थापन झालेल्या 'उबोंगो' या संस्थेने 'उबोंगो किड्स' ही स्वाहिली भाषेतील कार्टून मालिका तयार केली आणि जानेवारी २०१४ पासून ती सरकारी वाहिनी टीबीसी-१ वर दिसू लागली. गोष्टीत गणिताची अडचण येते, पात्रे ती गाण्यातून सोडवतात, आणि पडद्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या साध्या, बटणांच्या मोबाइलवरून एसएमएसने पाठवता येते. त्यानंतर शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी 'अकिली अँड मी' आली. तिची नायिका अकिली चार वर्षांची आहे, किलिमांजारोच्या पायथ्याशी आपल्या कुटुंबासह राहते आणि रात्री झोपली की स्वप्नातल्या प्राण्यांच्या देशात जाऊन अक्षरे आणि आकडे शिकते. गावाकडच्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखे केस, आपल्यासारखे अंगण आणि आपल्याला रोज दिसणारा डोंगर पाहायला मिळणे ही सजावटीची बाब नाही. गोष्ट आपली आहे एवढे पटले की मूल प्रश्नाला उत्तर देते.

मूल शिकते का, हे तपासण्याचे काम दोन प्रकारे झाले. मोरोगोरो येथील बालवाड्यांत काही मुलांना 'अकिली अँड मी' आणि काहींना दुसरे कार्यक्रम काही आठवडे दाखवण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अकिली पाहणारी मुले मोजणे, अंक ओळखणे, आकार ओळखणे यांत पुढे गेलेली दिसली. दुसरा अभ्यास केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी 'उवेझो' या घरोघरी होणाऱ्या सर्वेक्षणाची आकडेवारी घेऊन 'उबोंगो किड्स' पाहण्याचा आणि गणित येण्याचा संबंध तपासला. वय, घरची परिस्थिती, शाळेत नाव असणे-नसणे हे सारे लक्षात घेऊनही तो संबंध टिकला, आणि दर मुलामागचा खर्च अत्यल्प होता.

या उवेझोचा धागा मुंबईशी जुळतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९५ साली काम सुरू करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' हे सर्वेक्षण चालवले. घरी जायचे, मुलासमोर अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट ठेवायची आणि ते कुठवर वाचते ते पाहायचे. हीच रीत घेऊन केनिया, टांझानिया आणि युगांडा या देशांत २००९ मध्ये उवेझो सुरू झाले.

[दृश्य : संध्याकाळ. एका घराच्या ओसरीवर दूरचित्रवाणी पाहणारी शेजारपाजारची मुले.]

या यशाला मर्यादा आहेतच. घरात दूरचित्रवाणी संच असणे हीच खेड्यात सुबत्तेची खूण असते, म्हणून सर्वांत गरीब मूल शेजाऱ्याच्या ओसरीवरून जितके दिसेल तितके पाहते. टांझानियात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात, त्यामुळे ज्या घरात दुसरीच भाषा बोलतात तिथल्या लहानग्याला स्वाहिलीतले गाणेही आधी परकेच असते. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दहा वर्षांच्या १० मुलांपैकी सुमारे ९ मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. एवढी मोठी उणीव आठवड्याच्या एका कार्टूनने भरून निघेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

पडद्यापुढे जाऊन उपकरणच मुलाच्या हाती देण्याचा प्रयत्नही टांझानियाच्या टांगा प्रांतात झाला. मुलांना स्वतःहून शिकता येईल असे सॉफ्टवेअर बनवण्याच्या 'ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ' स्पर्धेत सुमारे १७० गावांतील जवळपास ३,००० मुलांना स्वाहिली शिकवणारे टॅबलेट देण्यात आले आणि ते भारित करण्यासाठी गावात सौरकेंद्रे बसवण्यात आली. यांतील ९० टक्क्यांहून अधिक मुलांना आरंभी स्वाहिलीतला एकही शब्द वाचता येत नव्हता. १५ महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आले. २०१९ मध्ये 'वनबिलियन' आणि 'किटकिट स्कूल' या दोन स्पर्धकांना १ कोटी डॉलरचे बक्षीस विभागून मिळाले. फळ निर्विवाद आहे. मात्र टॅबलेट फुटतो, जुना होतो आणि तो बदलून देणारा कोणीतरी कायम लागतो. रेडिओचे प्रसारण एका गावाने ऐकले काय किंवा हजार गावांनी ऐकले काय, त्याचा खर्च तेवढाच राहतो.

[दृश्य : सिएरा लिओन. बंद शाळेचे कुलूप. घराच्या पायरीवर रेडिओ.]

इबोलाच्या साथीमुळे सिएरा लिओनमधील शाळा २०१४ च्या मध्यापासून एप्रिल २०१५ पर्यंत बंद होत्या आणि त्या काळात सरकारने रेडिओवरून पाठ दिले. अनेक घरांत रेडिओ नव्हता, डोंगराळ भागात लहरी पोहोचत नव्हत्या, आणि पाठाच्या वेळी मुले शेतात कामाला गेलेली असत. तरीही पाठ लिहिणारे आणि वाचणारे शिक्षक त्यातून तयार झाले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळांना पुन्हा कुलूप लागले, तेव्हा रेडिओवरचे वर्ग काही दिवसांतच सुरू करता आले. ज्या घरांत २०१४ मध्ये रेडिओ नव्हता, त्यांतल्या अनेक घरांत तो २०२० मध्येही नव्हता.