परसातली सावली

श्रोते हो, नमस्कार.

"आमच्या परसात ऊनच येत नाही हो, तिथं लावायचं तरी काय?" सांगली-मिरजेत घराला घर लागत गेलं, तसा हा प्रश्न घरोघरचा झालाय. मला मात्र तो ऐकला की मिरज तालुक्यातले पानमळे आठवतात. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असते आणि मळ्यात पाऊल टाकलं की गारवा. शेवरी, शेवगा, पांगारा लावून तिथं मुद्दाम सावली केलेली असते, कारण पानवेलीला कडक ऊन सोसत नाही. आपण जिला नावं ठेवतो, ती सावली तिथं कष्टानं उभी करतात.

तेव्हा पहिला मान पानवेलीला. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा घ्या, एक डोळा मातीत दाबा आणि वेल भिंतीला नाहीतर शेवग्याच्या बुंध्याला चढू द्या.

पण त्याआधी सावली नीट बघा. ती वर्षभर एका जागी नसते. डिसेंबरात भर दुपारी 10 फुटी भिंतीची सावली उत्तरेला साडेआठ फुटांपर्यंत पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. हिवाळ्यात गारठलेल्या त्याच कोपऱ्यात मग मे महिन्यात ऊन चटके देतं. थंडीत हौसेनं लावलेले नेचे उन्हाळ्यात करपतात ते यामुळं. अशा जागी कुंड्या ठेवा, म्हणजे हलवता येतात.

माझंच सांगते. मोगरा हवाच म्हणून मी हट्टानं मागच्या दारी लावला. तीन वर्षं नुसता पाला! शेवटी गच्चीवर नेला, तेव्हा कळ्या धरल्या. रिकाम्या जागी सोनटक्का लावला. त्याला ओल हवी आणि सकाळचं थोडं कोवळं ऊन, बाकी काही मागणं नाही. पावसाळ्यात संध्याकाळी फुलला की स्वयंपाकघरापर्यंत वास येतो.

हळद तर आपल्या घरचीच. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेणं लावा. विरळ सावलीत कंद थोडे कमी भरतात, पण पानं काय रुंद येतात! पातोळ्या करायला शेजारणी मागून नेतात. मोरीच्या पाण्याशेजारी अळू आहेच, फक्त खाजरं निघालं तर चिंचेला कंजुषी करू नका.

आंब्याखाली मात्र जमिनीत काही लावायच्या भानगडीत पडू नका. तिथं सावलीपेक्षा मुळांचा जाच जास्त. कुंडीत सिंगोनियम नाहीतर मनी प्लांट ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर दोन्ही उंचावर, कारण पान चावलं की तोंडाची आग होते.

आणि पाणी. आपली काळी माती ओल धरून ठेवते, त्यात सावली, म्हणजे मुळं कुजलीच समजा. मातीत विटांचा चुरा आणि शेणखत मिसळा. बोटाचं एक पेर आत घालून बघा, ओलं लागलं तर झारी परत ठेवा. पावसाळ्यात रात्री एकदा बॅटरी घेऊनही चक्कर मारा. गोगलगायी अळूच्या पानामागंच सापडतील. मीठ टाकू नका, माती खराब होते. हातानं वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका.